अंगठ्याचा ठेका

वहिनी गातात, मी गिटार वाजवतो. मंचावर तिसरं कुणी नसतं. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, कधी बांदा ओलांडून म्हापसा आणि पणजी, एवढ्या टापूत आमचे कार्यक्रम होतात. कुठे कोजागरी, कुठे दिवाळी पहाट, कुणाच्या घरची साठीशांत, तर कधी देवळाच्या सभामंडपातली संध्याकाळ. गाणी म्हणजे भावगीतं, गझला आणि जुनी हिंदी चित्रपटगीतं. कार्यक्रम ठरवायला आलेली माणसं हमखास विचारतात, ‘‘तबल्याला कोण आहेत?’’ हा प्रश्न मला मनापासून आवडतो. मराठी कान भावगीत ऐकतो तेव्हा शब्दांच्या खाली डग्ग्याची घुमक शोधत असतो. ती सापडली नाही तर गाणं त्याला अधांतरी वाटतं. आमच्याकडे ती घुमक माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यातून येते.

‘दोघांच्या कार्यक्रमासाठी गिटार सुधारायची आहे’ म्हणून माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक डाव्या हाताबद्दल विचारतात. अवघड कॉर्ड कशा पकडायच्या, बोटांचा वेग कसा वाढवायचा, दोन कडव्यांच्या मधे काय वाजवायचं. मी म्हणतो, ते सगळं नंतर पाहू, आधी अंगठा दाखवा. एकट्या गायकामागे ॲकॉस्टिक गिटार घेऊन बसणाऱ्याने सगळ्यात आधी अंगठा घडवावा असं माझं ठाम मत आहे. त्याला कारण आहे, आणि ते आधी आवाजाच्या हिशेबातच दिसतं.

वहिनींचे वडील दशावतारात पायपेटी वाजवायचे. त्यामुळे सुराची नावं त्यांच्या घरात पेटीच्या पट्ट्यांवरून पडलेली. बहुतेक गाणी वहिनी काळी चारमध्ये गातात, गिटारच्या भाषेत जी शार्प. त्यांचा मध्य षड्ज सेकंदाला साधारण २०८ कंपनांचा आणि तार षड्ज त्याच्या दुप्पट, ४१५चा. आता गिटारकडे पाहा. तिच्या पातळ तीन तारा मोकळ्या छेडल्या तर १९६, २४७ आणि ३३० कंपनं होतात. म्हणजे पातळ तारांवर मी जे काही वाजवेन ते थेट वहिनींच्या गळ्याच्या जागेत जाऊन बसतं. तिथे मी जास्त गर्दी केली की त्यांच्या शब्दांच्या कडा झाकल्या जातात आणि श्रोत्याला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, नुसता शीण येतो. जाड तीन तारा मात्र ८२, ११० आणि १४७ कंपनांच्या. त्या प्रदेशात वहिनींचा आवाज उतरतच नाही. ती जागा पूर्ण मोकळी आहे, आणि गिटारवर ती अंगठ्याच्या ताब्यात असते. षड्जाचा आधार आणि ठेक्याचं वजन, तबला-पेटीकडून अपेक्षित असलेली ही दोन्ही कामं त्या मोकळ्या जागेत करता येतात.

ही वाट नवी नाही. १९२७ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ब्रिस्टल गावी, कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. त्यात मेबेल कार्टर अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवते आणि बोटांनी पातळ तारांवर ताल धरते. गिटार नुसती साथीला खडखडत बसण्याच्या त्या काळात हे विलक्षण होतं. पुढे केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिसने अंगठ्याला दोन तारांमध्ये आळीपाळीने चालवत वर बोटांनी वेगळीच चाल गुंफली. आज जगभर गिटार शिकवताना ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणून जे शिकवतात ते त्याच्याच नावाने. म्हापशाचे माझे सर हेच शिकवायचे. गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळेत त्यांचं लहानपण गेलं होतं, स्वरलिपी कागदावरून घडाघडा वाचायचे. पण शिकवताना कागद बाजूला ठेवून ते माझी चारही बोटं रुमालाने बांधत आणि म्हणत, आता वाजव.

मीही मुलांना तेच करायला लावतो, फक्त रुमालाशिवाय. बोटं मुठीत, अंगठा एकटा. फोनवर मेट्रोनोम लावायचा, मिनिटाला ६० ठोके. प्रत्येक ठोक्याला सहाव्या तारेवर एक आघात. अंगठा टोकातून वाकवायचा नाही, मनगटाजवळच्या सांध्यातून हलवायचा, आणि तार छेडून झाल्यावर तो खालच्या तारेवर टेकून थांबला पाहिजे. स्पॅनिश वादक या पद्धतीला ‘अपोयांदो’ म्हणतात. याने आवाज भरीव येतो आणि पुढच्या आघातासाठी अंगठा आपोआप जागेवर राहतो. अंगठा बोटांच्या थोडा पुढे, गिटारच्या मानेच्या बाजूला असावा. तो बोटांच्या मागे तळहातात शिरत असेल तर मनगट फिरवून बसा. असं एकदा बसलं की मग एकेक बोट सोडायचं. आणि या पायरीवर बोलायचं. शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या, पाढे म्हणायचे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. बोलताना अंगठ्याची लय हलली तर तो अजून स्वतंत्र झालेला नाही. मंचावर गायिका ओळ लांबवते, मधेच हसते, कुणीतरी फर्माईश ओरडतो. तेव्हा डोकं दुसरीकडे गेलेलं असतं आणि अंगठ्याला स्वतःच्या जोरावर चालावं लागतं.

यापुढे जो मुद्दा येतो तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परदेशी पद्धतीने शिकलेला गिटारवादक मराठी गाण्याला साथ करतो तेव्हा ते गाणं परकं का वाटतं, याचं उत्तर त्यात आहे.

ट्रॅव्हिसचा अंगठा सारख्या अंतराने पडतो. आठ मात्रा धरल्या तर पहिली, तिसरी, पाचवी, सातवी. आपला केरवा तसा नाही. ‘धा गे ना ति, न क धि न’ हे बोल म्हणून पाहा आणि त्यात डग्गा कुठे मोकळा घुमतो ते ऐका. ‘धा’वर, ‘गे’वर आणि मग थेट सातव्या मात्रेच्या ‘धि’वर. मधल्या ‘ना ति न क’ या चार मात्रांत खालची घुमक नाही, ती खालीची जागा आहे. ‘क’वर डग्गा लागतो खरा, पण बंद, कोरडा. म्हणजे परदेशी वळणाचा अंगठा तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर जिथे वाजतो तिथे आपला डग्गा गप्प असतो, आणि डग्गा ज्या दुसऱ्या मात्रेवर घुमतो तिथे हा अंगठा हवेत असतो. कॉर्ड अगदी बरोबर असूनही गाणं घोड्यावर बसल्यासारखं दुडकतं ते यामुळे.

म्हणून केरव्यात माझा अंगठा पहिल्या मात्रेला सहाव्या तारेवर षड्ज देतो, दुसऱ्या मात्रेला चौथ्या तारेवर जरा हलका पंचम, आणि मग परत येऊन वाजलेल्या तारेवर नुसता टेकतो. हे टेकणं फार मोलाचं आहे. गिटारची जाड तार सोडून दिली तर चार-पाच सेकंद गुणगुणत राहते आणि खालीची जागा बुजवून टाकते. तबलजी मनगट दाबून डग्गा जसा बंद करतो तसा आपल्याला अंगठ्याने षड्ज बंद करता आला पाहिजे. तिसऱ्या मात्रेचा ‘ना’ अनामिकेने पहिल्या तारेवर, ‘क’च्या जागी चारही बोटं तारांवर मिटवून एक कोरडा टप्पा, आणि सातव्या मात्रेला पुन्हा अंगठा, समेकडे ढकलणारा. हे सुरुवातीला इतकं हळू करावं लागतं की ते संगीतच वाटत नाही. बोल तोंडाने म्हणत केलं तर लवकर बसतं. पढंत करायची सवय तबल्याच्या विद्यार्थ्यांना असते. गिटारच्या वर्गात ती कुणी लावत नाही, लावली पाहिजे.

दादऱ्याचं गणित सोपं. सहा मात्रांपैकी पहिल्या तिघांना वजन, पुढच्या तिघांना उजेड. अंगठा पहिल्या अर्ध्यात बोलतो, दुसऱ्या अर्ध्यात बोटांना बोलू देतो. पाश्चात्त्य वॉल्ट्झमध्ये दर तीन मात्रांनी तेवढंच वजन पडतं, तशी सवय लागलेल्या हाताला चौथ्या मात्रेवर जोर कमी करायला शिकवावं लागतं.

आता पट्टी आणि कॅपो. काळी चार दोन सोप्या वाटांनी मिळते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्या आकारात वाजवा, नाहीतर चौथ्यावर लावून ईच्या आकारात. दोन्हीकडे खालचा षड्ज तोच, १०४ कंपनांचा, वहिनींच्या षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. तरीही मी पहिल्या फ्रेटची बाजू घेतो. ईच्या आकारात सहावी तार मोकळी वाजली की तो षड्जच सगळ्यात खालचा सूर, त्याखाली पायरी नाही. जीच्या आकारात षड्जाच्या खाली मंद्र निषाद आणि धैवत शिल्लक राहतात. कडवं संपवून मुखड्यावर येताना अंगठा धैवत, निषाद, षड्ज असा चढत आला की श्रोत्यांना सम दोन मात्रा आधीच दिसू लागते. पुरुष गायक काळी एकमध्ये असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीचा आकार. त्यात षड्ज पाचव्या तारेवर येतो, म्हणून अंगठ्याला तिथलं अंतर वेगळं शिकवावं लागतं. काळी पाचला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जीचाच आकार चालतो. नवीन गायकाशी जोडी जमवताना त्याची पट्टी विचारून घेऊन हा तक्ता आधी डोक्यात मांडावा. गायकाला ‘जरा अर्धा सूर वर गा, मला सोपं जाईल’ असं सांगणाऱ्या वादकाशी माझं पटत नाही. गळा देहाचा भाग आहे, कॅपो सरकवता येतो.

काही गाण्यांना मी तारा वेगळ्या लावतो. ही युक्ती एव्हर्ली ब्रदर्सची. डॉन आणि फिल हे दोघे भाऊ अमेरिकेत जोडीने गायचे. १९५७ साली गाजलेल्या त्यांच्या ‘बाय बाय लव्ह’ या गाण्याच्या सुरुवातीला डॉनची गिटार जशी दणदणते त्याचं रहस्य तारा लावण्याच्या पद्धतीत आहे. सहावी, पाचवी आणि पहिली तार दोन-दोन अर्धस्वर उतरवायची. मग जाडकडून पातळकडे डी, जी, डी, जी, बी, डी असे सूर मिळतात. आपल्या भाषेत मांडलं तर पंचम, षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम. तंबोऱ्याच्या इतकं जवळ आणखी काय हवं! त्यावर पहिल्या फ्रेटला कॅपो लावला की काळी चारचा तंबोरा मांडीवर आला. डाव्या हाताला काहीही न धरता अंगठा षड्ज-पंचम देत राहतो, आणि मोकळा झालेला डावा हात वहिनींच्या पाठोपाठ एखादी सुरावट उचलू शकतो. गाण्यात कोमल गंधार असेल तर दुसरी तार बीवरून अर्धा स्वर आणखी उतरवायची, किंवा सीपर्यंत चढवून तिला मध्यम करायचं. गझलेच्या आधी वहिनी पाच-सहा आलाप घेतात तेव्हा ठेका नसतो. त्या वेळी अंगठा याच तारांवर सावकाश, मात्रा न मोजता फिरतो.

गंधाराचा विषय निघालाच आहे तर एक नाजूक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गिटारची फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेली असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार त्या भागांत नेमका बसत नाही. गिटारचा गंधार त्याच्यापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. फरक छोटा आहे, पण तयार गळा गंधारावर न्यास करून थांबतो आणि त्याच वेळी गिटारवर भरगच्च मेजर कॉर्ड वाजते तेव्हा तो कानाला टोचतो. यावर उपाय साधा आहे. गायिका गंधारावर थांबली की कॉर्डमधून गंधार काढायचा. जीच्या आकारात सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचं बोट जरा आडवं करून पाचवी तार मुकी करायची, चौथी-तिसरी मोकळी, आणि दुसरी-पहिली दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर. उरतात फक्त षड्ज आणि पंचम. गंधार वहिनींचा, आणि तो त्यांना हवा तिथे लागतो.

हीच दृष्टी रागाला. भूपाच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात मध्यम आणि निषाद नाहीत. पण गिटार शिकताना पहिल्या महिन्यात हाताला लागतात त्या जी, सी, डी या तीन कॉर्डपैकी सीमध्ये मध्यम आहे आणि डीमध्ये निषाद. डोळे झाकून वाजवल्या तर राग बिघडतो. तिथे जी, ई मायनर, आणि डीमधला निषाद गाळून नुसते पंचम-रिषभ एवढंच वाजवावं. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संगीतकारांनी भारतीय चालींखाली पाश्चात्त्य सुरावट मांडण्याचं जे काम केलं त्यासाठी मोठे वाद्यवृंद होते. आपल्याकडे सहा तारा आहेत. निवड अधिक काटेकोर करावी लागते, एवढंच.

आवाज आणि एक गिटार हे नातं ज्यांना ऐकून शिकायचं असेल त्यांनी एला फिट्झजेराल्ड आणि जो पास यांची ‘टेक लव्ह इझी’ ही १९७४ची ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकावी. पासची गिटार इलेक्ट्रिक आहे, गाणी जॅझची आहेत, तरी धडा तोच. एला गात असते तेव्हा खालचा मंद्र सूर चालत असतो आणि भरीव कॉर्ड बहुधा तिच्या श्वासाच्या जागी पडतात. आपल्याकडे भूपिंदर सिंग यांनी स्पॅनिश गिटार गझलेत आणली, मिताली यांच्याबरोबर वर्षानुवर्षं जोडीने गायले. ते स्वतः गायकही होते आणि गिटारवादकही, त्यामुळे शब्दाला कुठे हात लावायचा नाही हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. दोन गिटारच्या जोडीसाठी मी गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचं नाव सांगतो. तिची गिब्सन मोठ्या अंगाची, त्याची १९३५ची छोटी एपिफोन, आवाज वरच्या पट्टीतला आणि टोकदार. दोघं एकाच वेळी वाजवतात तरी एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. एकाच आकाराच्या दोन गिटार घेऊन एकाच जागी त्याच कॉर्ड खरवडणाऱ्या जोड्यांनी निदान एकाने तरी कॅपो पाचव्या-सातव्या फ्रेटला नेऊन पाहावा.

सरावाच्या वेळी आमच्या बसण्याची पद्धत ठरलेली आहे. वहिनी माझ्या उजव्या हाताला बसतात. डावीकडे बसल्या तर गिटारची मान मधे येते आणि त्यांना माझा फक्त डावा हात दिसतो, ज्याचा त्यांना काही उपयोग नाही. उजवीकडून अंगठा दिसतो. मुखड्याला हात घालण्याआधी त्या अंगठ्याकडे पाहतात आणि मी त्यांच्या खांद्याकडे. श्वास घेताना खांदा किंचित उचलला जातो, तीच माझी खूण. शब्दांनी ‘एक, दोन, तीन’ मोजण्याची गरज पडत नाही. दुसरी सवय फोनवर ध्वनिमुद्रण करण्याची. पण सगळं एकदम ऐकायचं नाही. पहिल्यांदा ऐकताना लक्ष फक्त जाड तारांवर ठेवायचं आणि कडव्यातून मुखड्याकडे येताना लय पुढे सरकते का ते तपासायचं. बहुतेक जोड्यांची लय नेमकी तिथेच पळते, कारण दोघांनाही मुखडा गाठायची ओढ असते. मेट्रोनोमचे बाकीचे ठोके बंद करून फक्त समेचा ठोका ठेवला तर ही ओढ ताब्यात येते.

वेंगुर्ल्याजवळच्या एका देवळात कार्यक्रमाच्या मध्यावर वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागणार होता. सभामंडप दगडी, माणसं दाटीने बसलेली. मी सवयीने जोरात वाजवायला लागणार तेवढ्यात वहिनी कानाशी म्हणाल्या, ‘‘भावजी, आंगठो रवांदे, बाकी काय नको.’’ मी बोटं थांबवली. नुसता षड्ज, पंचम आणि वहिनींचा आवाज. मागच्या खांबापर्यंत शब्द पोहोचत होते, असं तिथे उभ्या असलेल्या पुजाऱ्यांनी नंतर सांगितलं. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात एक कडवं आम्ही ठरवून असंच करतो, वीज असली तरी.

ध्वनिक्षेपकावर मात्र हाच अंगठा त्रास देऊ शकतो. आपल्याकडे सर्रास दिसते ती मोठ्या अंगाची गिटार ‘ड्रेडनॉट’ घाटाची. तिच्या पोकळीतली हवा साधारण १०० कंपनांच्या आसपास स्वतःच घुमते. काळी चारचा खालचा षड्ज १०४चा. म्हणजे अंगठ्याचा मुख्य सूर आणि पोकळीची घुमक जवळजवळ एकाच जागी पडतात. स्पीकरमधून आलेला तो सूर पुन्हा पोकळीत शिरतो आणि मंडपभर घूंऽऽ सुरू होतं. साउंडवाला घाबरून खालचा सगळा आवाज कापतो, आणि ठेका नाहीसा होतो. असं होऊ नये म्हणून गिटारच्या भोकाला बसणारं रबरी झाकण जवळ ठेवावं. त्याने निम्मा त्रास जातो. मग साउंडवाल्याला नम्रपणे सांगावं की भाऊ, १०० ते ११०च्या मधली अरुंद पट्टी थोडी उतरवा, बाकी खालचं राहू द्या. घोडीखाली बसवलेला पिझो पिकअप तारांचा दाब विजेत बदलतो. त्याचा आवाज मधल्या वरच्या भागात करकरीत येतो, तिथेही थोडं उतरवलं की वहिनींच्या ‘स’ आणि ‘च’ला जागा मिळते. गिटारची वायर सरळ मिक्सरला न जोडता डीआय बॉक्समधून जाऊ द्यावी. मॉनिटर स्पीकर गायिकेच्या माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवावा, कारण नेहमीचा गाण्याचा माइक मागून येणारा आवाज सगळ्यात कमी घेतो. नऊ व्होल्टची नवी बॅटरी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी घालावी. हे सगळं पाच मिनिटांत होतं, पण ती पाच मिनिटं लोक आत यायच्या आधीची हवीत.

कोकणातला पाऊस गिटारला मानवत नाही. लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सोसते. आमच्याकडे जूनपासून ती त्याच्या कितीतरी वर राहते. वरची फळी पाणी पिऊन फुगते, घोडी उचलली जाते, तारा फ्रेटपासून लांब जातात आणि डावा हात दुखायला लागतो. पेटी बंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून वाळवा. घामट हाताच्या माणसाने वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसायलाच हव्यात. नव्या तारा कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी चढवाव्यात, म्हणजे ताणून स्थिर होतात. अंगठ्याच्या नखाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मी नख अगदी थोडं ठेवतो, तार आधी मांसाला लागते आणि सुटताना नखाला. उघड्या मैदानात अंगठीसारखा बसणारा थंबपिक घालतो. त्याने आवाज दुप्पट वाटतो, पण तार बंद करणं अवघड होतं, म्हणून सराव दोन्हीचा लागतो.

लाकडाचं निघालं म्हणून सांगतो. अमेरिकेतली मार्टिन कंपनी आपल्या नामवंत गिटारच्या पाठीला आणि बाजूंना ब्राझीलचं रोजवूड वापरायची. ते मिळेनासं झाल्यावर १९६९च्या सुमारास तिने भारतीय रोजवूड घेतलं. म्हणजे आपली शिसवी. आमच्या सह्याद्रीच्या उतारावर हे झाड उभं असतं आणि जुन्या घरांतल्या दारांना, पलंगांना लागलेलं आहे. या लाकडाचा खालचा आवाज गोल आणि दाट असतो. अंगठ्याने वाजवणाऱ्याला हवा तसाच.

सध्या आम्ही रूपकातली एक गझल बसवतो आहोत. सात मात्रांचा हा ताल अंगठ्याची खरी परीक्षा घेतो, कारण त्याची समच खालीवर आहे. ‘ती ती ना, धी ना, धी ना’. पहिल्या तीन मात्रांत डग्गा घुमत नाही, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो. गिटारवादकाच्या हाताला पहिल्या मात्रेवर अंगठा मारायची जन्मजात म्हणावी इतकी सवय. इथे त्या जागी अंगठा तारेवर टेकून बंद राहतो आणि तर्जनी-मध्यमा वरच्या तारांवर ‘ती ती’ म्हणतात. वहिनींना मतल्याचा पहिला शब्द नेमका त्या समेवर, खाली काहीही नसताना ठेवायचा आहे. सकाळी त्या स्वयंपाकघरात बोल म्हणतात, मी ओसरीवर वाजवतो. भिंत मधे असल्यामुळे खांदा दिसत नाही, ऐकूनच सम गाठावी लागते, आणि या गझलेला तो सराव चांगला आहे. दिवाळी पहाटेला ती पहिली घ्यायची की मध्यंतरानंतर, हे अजून ठरायचं आहे. पहिली घेतली तर गिटार सुरुवातीलाच बदललेल्या तारांवर लावून ठेवता येईल आणि दुसऱ्या गाण्याआधी तीनच तारा चढवाव्या लागतील, तेवढ्या वेळात वहिनी कवीबद्दल चार शब्द बोलू शकतील. वहिनींचं म्हणणं, गळा तापल्याशिवाय ती गझल नको.